डाव्या चाकातला आवाज

गेले सहा महिने आमच्या गाडीत एक आवाज येत होता. टक्. फार मोठा नाही. सोसायटीच्या गेटाबाहेरच्या स्पीडब्रेकरवरून चाक खाली उतरलं की एकदा, खड्ड्यातून हळू गेलं की दोनदा. मोठ्या रस्त्याला लागून वेग वाढला की गायब! त्यामुळे "तेवढं काही नसेल" म्हणायला मी मोकळा. बायको म्हणायची, "अरे, काहीतरी वाजतंय." मी म्हणायचो, "डिकीतला जॅक सैल असेल." एकदा तर जॅक बाहेर काढून जुन्या चादरीत गुंडाळून परत ठेवला. टक् कायम. मग मी सगळ्यात सोपा उपाय केला. रेडिओचा आवाज वाढवला.

हसू नका. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी हेच केलेलं आहे, मला माहीत आहे.

आज लिहायचं आहे ते त्या आवाजाबद्दल, आणि तो आवाज करणाऱ्या एका लहानशा वस्तूबद्दल. तिचं नाव बॉल जॉइंट. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत मला ती गाडीत नेमकी कुठे असते हेही सांगता आलं नसतं. आणि मी सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय!

तर झालं असं. वर्षभरात गाडी डावीकडे ओढायला लागली होती. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी आपली फुटपाथकडे. ओढते म्हणजे अलाइनमेंट, एवढं ज्ञान सगळ्यांनाच असतं, तसं मलाही होतं. एका चकचकीत दुकानात गेलो. काचेची केबिन, एसी, कॉफीचं मशीन. गाडी रॅकवर चढवली, चारी चाकांना आरसे लावले, पडद्यावर आकडे आले. आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे. रंगीत प्रिंट हातात दिली. साडेचारशे रुपये. मी खूश. आठवड्याभरात गाडी पुन्हा फुटपाथकडे. चार महिन्यांनी पुन्हा तेच दुकान, पुन्हा लाल, पुन्हा हिरवं. मग तिसऱ्यांदा. तीनही प्रिंटा मी डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवल्या होत्या, मुलांच्या प्रगतिपुस्तकासारख्या.

गणपतीनंतर धुवायला म्हणून गाडी अंगणात काढली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तेव्हा डाव्या टायरची आतली कड दिसली. गुळगुळीत! बाहेरची कड बरी, मधली नक्षी बरी, आणि आतल्या बाजूला बोटभर पट्टा असा की खालचे धागे दिसायचेच काय ते बाकी. उभ्या गाडीत ही बाजू कधी दिसतच नाही. आपण टायर बघतो तो बाहेरून.

या वेळी दुकान सोडून आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड, एक खड्डा, भिंतीवर लटकलेले पाने. मिस्त्रींना मी सगळी हकीकत सांगितली, प्रिंटा दाखवल्या. त्यांनी त्या हातात घेतल्याही नाहीत, हाताला तेल होतं म्हणून असेल. म्हणाले, "साहेब, चाक हलवून बघितलं का कोणी?"

नव्हतं बघितलं. तीन वेळा, तेरा-साडेतेराशे रुपये घेऊन, एकानेही चाकाला हात लावून हलवून बघितलं नव्हतं.

मिस्त्रींनी मागच्या चाकांना दगड लावले, पुढची डावी बाजू जॅकने उचलली, खाली घोडी सरकवली. मग एक हात चाकाच्या वर, एक खाली, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे, आणि चाक आत-बाहेर ढकललं. टक्. तोच! सहा महिने मी ज्याला रेडिओखाली दाबत होतो तोच आवाज, शांत गल्लीत, माझ्यासमोर. पोराला त्यांनी सांगितलं, "ब्रेक दाबून धर." पुन्हा हलवलं. पुन्हा टक्. "बेरिंग असतं तर ब्रेक दाबल्यावर थांबलं असतं. हा खालचा बॉल गेलाय. बूट फाटलाय बघा." टॉर्च मारली. चाकाच्या मागे, लोअर आर्मच्या टोकाला, लिंबाएवढी एक काळी रबरी टोपी होती आणि तिला अर्धा इंच चीर पडलेली. आत ग्रीस असायला हवं होतं, तिथे चिखल होता. वाळलेला, लालसर.

लालसर. म्हणजे कोकणातला. पोटात गोळा आला तो तेव्हा.

कारण पंधराच दिवसांपूर्वी आम्ही सगळे याच गाडीने मावशीकडे श्रीवर्धनला गणपतीला गेलो होतो. मी, बायको, लेक, आई आणि बाबा. मुळशी, मग ताम्हिणी, मग माणगाव-म्हसळा. धो धो पाऊस, घाटात धुकं, वळणावर फोटो काढायला थांबलेल्या गाड्या. उतारावर प्रत्येक वळणाला ब्रेक, प्रत्येक ब्रेकला पुढच्या चाकांवर जोर. आणि डावं चाक खालच्या बाजूने ज्या एका गोळीने धरलं होतं ती वाटीत सैल झालेली. दरीच्या बाजूला मी गाडी नीट धरून होतो असं मला वाटत होतं. (मावशी, तू हे वाचत असशील तर फोन करून ओरडू नकोस. काम झालंय. आईला अजून सगळं सांगितलेलं नाही, ते मात्र तुझ्याकडे ठेव.)

ही वस्तू काय आहे ते मिस्त्रींनी जसं सांगितलं आणि मग मी जे वाचलं, ते थोडक्यात सांगतो. आपला खुबा जसा असतो तशी. एक पोलादी गोळी, तिला दांडा, आणि गोळी बसायला वाटी. मध्ये ग्रीस, वर रबरी बूट. पुढच्या चाकाला दोन कामं एकदम करायची असतात. रस्ता वर-खाली झाला की वर-खाली व्हायचं, आणि स्टिअरिंग फिरलं की डावी-उजवीकडे वळायचं. साध्या बिजागरीला हे जमणार नाही, ती एकाच दिशेला हलते. गोळी-वाटी सगळीकडे हलते, पण जागा सोडत नाही. तिची सगळी किंमत या शेवटच्या तीन शब्दांत आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात गाडीचं वजन वरच्या स्प्रिंगवर येतं, खालच्या बॉल जॉइंटवर नाही. म्हणून काही जण म्हणतात, घाबरायचं काय. पण वळणावर टायर जो आडवा जोर लावतो आणि ब्रेक मारल्यावर चाकाचा खालचा भाग जो मागे ओढला जातो, तो जोर लोअर आर्मला आणि या गोळीलाच झेलावा लागतो. गोळी झिजत झिजत इतकी सैल झाली की वाटीतून निसटली, तर चाक खालून सुटतं, आडवं होतं, आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. नशीब असेल तर हे पार्किंगमध्ये होतं. नसेल तर घाटात.

आणि माझ्या तीन रंगीत प्रिंटांचं काय? तेही आता कळलं. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते मोजणं आणि जुळवणं. वरून बघितलं तर चाकांची तोंडं एकमेकांकडे आहेत की बाहेर, हा टो. समोरून बघितलं तर चाक आत कललंय की बाहेर, हा कॅम्बर. आणि बाजूने बघितलं तर ज्या अक्षावर चाक वळतं तो अक्ष मागे किती झुकलाय, हा कॅस्टर. छोट्या गाड्यांमध्ये दुकानदाराला सहसा टोच बदलता येतो, टायरॉडच्या आट्या फिरवून. पण हे सगळं मोजतात गाडी उभी असताना. चाकाचं खालचं टोक सैल असेल तर उभ्या गाडीत ते एका जागी असतं, ब्रेक मारला की दुसऱ्या, वळण घेतलं की तिसऱ्या. उभ्या गाडीचे आकडे हिरवे करून काय उपयोग? दात हलत असताना त्याला पॉलिश करण्यासारखं आहे ते. आधी सांधे बघायचे, टायरमधली हवा बघायची, मग अलाइनमेंट. हा क्रम काही गुपित नाही, हे काम शिकणाऱ्याला आधी तोच शिकवतात.

मग त्या दुकानात तो पाळला का गेला नाही? मी बराच विचार केला. पोरं काही वाईट नव्हती. पण त्यांना पगार मिळतो तो गाड्या रॅकवर चढवून उतरवायचा. चाक उचलून हलवून बघणं बिलावर लिहिता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मीही तेच मागत होतो. मला कागद हवा होता. कोणी मला काही न देता नुसतं चाक हलवून "ठीक आहे, जा" म्हणालं असतं आणि शंभर रुपये मागितले असते, तर मी कुरकुर केली असती. रंगीत कागदाचे साडेचारशे मात्र आनंदाने दिले. हाताने बघून सांगणाऱ्या माणसाची किंमत आपण शून्य केली आणि यंत्राने छापलेल्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवला. आकडा खोटा नव्हता. तो फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होता, आणि प्रश्नच चुकीचा होता.

बाबांच्या वेळी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. त्यांच्याकडे फियाट होती. ठरावीक किलोमीटर झाले की तिला ग्रीसिंग करावंच लागायचं. ग्रीस गन घेऊन माणूस खाली सरकायचा, एकेका निपलमधून नवं ग्रीस आत आणि जुनं काळं बाहेर. कटकट होती, नाही कशाला म्हणू. पण त्या कटकटीमुळे दर काही महिन्यांनी एक जाणता माणूस गाडीच्या पोटाखाली जायचा आणि जाताजाता बाकीचंही बघायचा. आताचे जॉइंट कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले असतात. देखभालच नको! चांगलीच गोष्ट आहे. फक्त "देखभाल नको" याचा अर्थ आपण "बघायलाही नको" असा घेतला. बूट शाबूत आहे तोवर आतलं ग्रीस वर्षानुवर्षं टिकतं. बुटाला चीर गेली की पहिल्या पावसात पाणी आणि माती आत. मग ते ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपर होतो. आमच्या रस्त्यांवर ती चीर कधी पडेल ते कोणी सांगावं.

आणि हे फक्त आपल्या खड्ड्यांचं रडगाणं आहे असंही नाही. 2005 साली टोयोटाने अमेरिकेत काही लाख पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या होत्या, याच पुढच्या बॉल जॉइंटसाठी. तिथले रस्ते आपल्यासारखे नाहीत, कंपनी नावाजलेली, तरी झालंच. म्हणजे वस्तू कोणाचीही असो, बघावं लागतंच.

माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "इथे असं सहा महिने चालवताच आलं नसतं." तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी. त्यात चाकं उचलून बॉल जॉइंटमधला प्ले बघतात, बूट फाटलेत का तेही बघतात. नापास झाली तर दुरुस्त करूनच रस्त्यावर. आपल्याकडे टॅक्सी, टेम्पो, बस यांना फिटनेस आहे. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तुमच्या-माझ्या खाजगी गाडीला? नोंदणी पंधरा वर्षांची. तोवर धुराची पीयूसी आणि विमा. माझ्या गाडीचा धूर अगदी स्वच्छ होता. चाक निखळत होतं, पण धूर स्वच्छ!

माझं मत विचाराल तर खाजगी गाड्यांनाही पाच-सात वर्षांनंतर अशी तपासणी हवी. आमच्या मेव्हण्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, "म्हणजे अजून एक रांग, अजून एक एजंट, न बघता शिक्का." त्यांचं चुकत नाही. शिक्का विकत मिळणार असेल तर तो माझ्या रंगीत प्रिंटेचाच भाऊ. पण रांगेच्या भीतीने बघणंच सोडून द्यायचं का? सरकार करेल तेव्हा करेल. गाडीत माझी माणसं बसतात. कायद्याने विचारलं नाही म्हणून मला विचारणारं कोणी नाही, असं थोडंच आहे.

आता हिशेब सांगतो, कारण शेवटी सगळे तोच विचारतात. दोन्ही बाजूंचे लोअर आर्म, मजुरी आणि त्यानंतरची एक खरी अलाइनमेंट धरून साडेचार हजार. आमच्या गाडीत बॉल आर्मसकट येतो. नुसता बॉल दाबून नवा बसवणारेही असतात, पण मिस्त्री म्हणाले, घाटात जाता ना, मग आर्मच घाला. उजवीकडचा अजून टक् करत नव्हता, पण त्यानेही तेवढेच खड्डे खाल्लेत. आणि न बघण्याचा खर्च? तीन फुकट गेलेल्या अलाइनमेंट आणि दोन नवे टायर. जवळजवळ नऊ हजार. म्हणजे निष्काळजीपणा दुपटीने महाग पडला, आणि हा स्वस्तात सुटलेला हिशेब आहे.

काम चालू असताना मी स्टूल घेऊन तिथेच बसलो होतो. एक गोष्ट लक्षात राहिली. आर्मच्या आतल्या टोकाला रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट मिस्त्रींनी चाक लटकत असताना नुसते लावून ठेवले, आणि गाडी खाली, चाकांवर उभी राहिल्यावर मग आवळले. मी विचारलं, असं का? म्हणाले, "लटकत्या गाडीत आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. लवकर फाटतं." किती साधं! आणि पोराला प्रत्येक नवा नट दाखवत होते, जुना परत वापरायचा नाही म्हणून. या माणसाच्या भिंतीवर एकही प्रमाणपत्र नाही.

तर मंडळी, तुम्हाला करता येण्यासारखं एवढंच आहे. हळू वेगात खड्ड्यावर टक् वाजत असेल, स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी भरकटत असेल, टायर एकाच कडेला झिजत असेल, तर रेडिओ बंद करा आणि ऐका. अलाइनमेंटला गेलात तर गाडी रॅकवर चढवण्याआधी "चाक उचलून प्ले बघा" म्हणून सांगा, आणि उभे राहून बघा. वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेरिंग, डावी-उजवीकडे, म्हणजे नऊ आणि तीनला धरून हललं तर बहुधा टायरॉड. ज्या मोठ्या गाड्यांत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येतो त्यांना जॅक आर्मखाली लावून बघावं लागतं, नाहीतर सैल जॉइंटही घट्ट वाटतो. ते जाणत्याकडूनच करा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही डोकं घालू नका, अगदी टॉर्च मारण्यापुरतंही.

काल गाडी घेऊन बाहेर पडलो. गेटाबाहेरचा स्पीडब्रेकर आला. रेडिओ बंदच होता. चाक चढलं, उतरलं. काही नाही. बायको माझ्याकडे बघून हसली. लेक मागून म्हणाली, "बाबा, गाणी लावा ना." लावली.

पुढच्या आठवड्यात दसरा. पाऊस संपता संपता येणारा सण. खंडेनवमीला मिस्त्री पाने-पकडी पुसून मांडतील, आपण गाड्या धुऊन हार घालू, हळद-कुंकू लावू, चाकाखाली लिंबू ठेवू. मीही ठेवणार आहे. माझी विनंती एवढीच, की ज्या चाकाखाली लिंबू ठेवाल त्याच्या मागे एकदा टॉर्च मारा. तिथे लिंबाएवढीच एक काळी रबरी टोपी असते. ती फाटलेली नाही ना, एवढं बघा. मग नारळ फोडा.